काटा थांबेपर्यंत

पहिल्यांदा आली ती वाशीच्या बँकेत, सेक्टर सतरा,
टोकन नंबर एकशे चौदा.
एकशे बारा पुकारला
आणि माझ्या छातीत कुणीतरी शटर ओढलं.
हात बधिर, ओठांभोवती मुंग्या,
समोर पंखा फिरतोय
आणि त्याची हवा माझ्यापर्यंत पोचत नाही.
मी मरतेय, हे मी जितक्या खात्रीनं म्हटलं
तितक्या खात्रीनं आयुष्यात दुसरं काहीच म्हटलेलं नाही.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघाली,
चित्रकलेच्या वहीतल्या डोंगरांसारखी,
एकसारखी, शहाणी.
"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.
मला जरा अपमानच वाटला.

तेव्हापासून बँकेचं काम यतीन करतो.
लिफ्ट सोडून मी जिने चढते.
ती येईल, ही भीती मात्र
तिच्याआधीच रोज हजर,
डबा भरताना, कुलूप लावताना;
आवक नसली तरी गाळा उघडावाच लागतो, तशी.

समुपदेशक बाई घणसोलीच्या, माझ्या भाचीच्या वयाच्या.
म्हणाल्या, आहात तिथे या.
दिसणाऱ्या पाच वस्तू मोजा,
मग हाताला लागणाऱ्या चार.
वीस वर्षं हिशेब लिहिते मी,
तरी तिसऱ्या वस्तूवरच गाडी घसरली:
खुर्ची, कॅलेंडर,
आणि कॅलेंडरवरची पाच तारीख. हप्त्याची.
वर्तमानकाळातसुद्धा उधारी निघते.

मग तो मंगळवार.
तुर्भ्याचं मसाला मार्केट, दुपारचे सव्वाबारा,
ब्याडगी मिरचीचा ट्रक उतरत होता.
पावतीपुस्तक घेऊन मी काट्यापाशी उभी
आणि ती आली, पायांतून वर,
ओळखीच्या माणसासारखी, न विचारता.

हणमंत तोलणारानं पोतं काट्यावर टाकलं.
आता काटा कसला, लाल आकडे धावतात:
एकावन्न ऐंशी, बावन्न चाळीस, एकावन्न नव्वद.
नवा पोरगा घाईनं ओरडला, "बावन्न चाळीस!"
वर न बघता हणमंत म्हणाला,
"हलत्या काट्याचं वजन पुकारायचं नसतं रं.
हात काढ. बसू दे त्याला."

मी हात काढला.
कुठून, ते नीट सांगता येणार नाही.
धडधड थांबावी म्हणून आतून
जे काही दाबून धरलं होतं, त्यावरून.
धडधड होती. राहिली. वाढलीसुद्धा.
फक्त मी तिचं वजन पुकारलं नाही:
अटॅक म्हटलं नाही, वेड म्हटलं नाही,
पोरीला फोन कोण करेल, हेही नाही.

बोटाखाली कार्बनचा कागद, गुळगुळीत, निळा.
गोणपाटाचा उग्र वास.
डोळ्यांत तिखट.
चपलेत शिरलेलं मिरचीचं देठ
करंगळीला टोचत होतं.
टोचत होतं, म्हणजे करंगळी होती.
करंगळी होती, म्हणजे तिच्या मागेपुढे
मीही कुठेतरी असणार.

मग शिंका आल्या. लागोपाठ तीन.
शिंकताना माणसाला मरणाचा विचार करता येत नाही,
हे मला कुठल्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

"बावन्न दहा," हणमंत म्हणाला.
मी लिहिलं.
अक्षर वाकडं आलं. त्या पावतीची निळी प्रत
अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बरी झाले, असं काही नाही.
परवा कोपरखैरण्याला पुन्हा आली.
माझ्या हातात मेथीची जुडी,
भाजीवाली सुट्टे मागतेय.
मी उभी राहिले.
जुडीचे देठ ओले होते, मुळांना माती होती,
आणि आतले आकडे पळत होते, पळू दिले.
"थांबा हं जरा," मी म्हटलं.
तिला वाटलं, मी सुट्टे शोधतेय.