पॉइंट शून्य तीन

बॉट्रॉपमधल्या आमच्या तळघरात,
पूर्वी जिथे कोळसा ओतून ठेवायचे तिथे,
बाबा चारशे लिटर समुद्र ठेवून गेले.

मी इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफवते.
चिमटे, कात्र्या, हाडाची करवत. एकवीस वर्षं झाली.
माझ्या हातून एकही जंतू जिवंत सुटत नाही,
असं रात्रपाळीची गुड्रुन म्हणते,
आणि मी तिला अडवत नाही.

तेव्हा ती टाकी पाहून अंगावर काटाच आला.
मागच्या काचेवर शेवाळाची साय,
वाळूत माशांची घाण, पाण्याला
भिजल्या गोणपाटाचा पिवळसर रंग.
बाबांच्या वहीत शेवटची नोंद:
नायट्रेट आठ. फॉस्फेट पॉइंट शून्य सहा.
मासा खूश. मी ठीक.

मी बाह्या सरसावल्या.
स्किमर रात्रंदिवस, फॉस्फेट शोषणारी भुकटी दुप्पट,
दर रविवारी निम्मं पाणी बदललं,
माशाला चिमूटभर, तेही एकाआड एक दिवस.
सहा आठवड्यांत
नायट्रेट शून्य.
फॉस्फेट शून्य.
नळीतलं पाणी असं नितळ
की नळी रिकामी वाटावी.
त्या रात्री मी वाईनची बाटली उघडली, एकटीनेच.

मग प्रवाळ फिकुटले.
आधी जांभळं, मग ते फांद्याफांद्यांचं हिरवं,
बाबांनी नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं,
आजाऱ्याच्या ओठांसारखं पांढुरकं झालं.
आणि वाळूवर तपकिरी शेंबूड,
त्यात हवेचे बुडबुडे, मोत्यांसारखे.
सकाळी नळीने ओढून काढावा,
तर दुपारपर्यंत पुन्हा हजर.
मी आणखी घासलं. अर्थातच.

झिगबर्ट आला, बाबांच्या पाळीतला,
एकतीस वर्षं त्यांच्याच पिंजऱ्यातून खाली गेलेला.
जिन्याच्या कठड्याला धरून उतरला,
काचेला नाक लावलं, खोकला,
आणि म्हणाला, पोरी, हे उपाशी आहेत.

हे नाही ना कुणी सांगितलं मला:
की प्रवाळाच्या कातडीत जे राबतात
तेही या घाणीवरच जगतात,
की ताटात काहीच उरलं नाही
तर आधी घरचे मरतात
आणि मग हा शेंबूड येतो,
ज्याला रिकामं ताटच मानवतं.

किती घालू, मी विचारलं.
त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मधे एक केस मावेल एवढी फट ठेवून.
एगॉन आकडे लिहायचा खरा,
पण माशाला दोन घास जास्तच टाकायचा,
आणि मला सांगायचा, हे वहीत नको.

आता मी नायट्रेट विकत आणते.
विकत! तराजूवर तोलून, थेंबथेंब पाण्यात सोडते,
आणि हात धुताना माझंच मला हसू येतं.
रात्री स्किमर बंद.
गोठलेल्या कोळंबीचा अख्खा ठोकळा विरघळवून टाकते,
मासा फुगून खडकाआड पडून राहतो.

गुड्रुनला यातलं काही सांगितलेलं नाही.

या गावाखाली अजून पंप चालतात, झिगबर्ट म्हणतो.
खाणी बंद झाल्या, पण पाणी चढतंच राहतं,
ते उपसलं नाही तर आपली जमीन खोल तळं होईल.
कायमचं काम, कुणाचं तरी, रोज.
तो हे अभिमानाने सांगतो की वैतागून, कळत नाही.

आज शुक्रवार. नळीत सात थेंब,
मग भुकटी, मग झाकण लावून हलवायचं,
मग पाच मिनिटं नुसतं बसायचं.
तळघरात पंपाची घरघर.
शेंबूड कोपऱ्यात अजून आहे, थोडा,
हिरव्या फांदीच्या टोकाला काहीतरी आहे,
रंग म्हणावा की उजेडाची तिरीप, मी ठरवत नाही.

पाणी गुलाबी होत जातं,
हिरड्यांएवढं, त्याहून कमी.
मी बाबांची वही उघडते
आणि त्यांच्या ओळीखाली लिहिते:
नायट्रेट तीन. फॉस्फेट पॉइंट शून्य तीन.
मासा जेवला.
पुढची जागा
तशीच ठेवते.