जिभेवर मुंग्या

यादी प्रचुआबनेच केली होती, आजारपणाच्या आधी,
नूडल्सच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर.
नानकडची सात ठिकाणं.
दोनांना नावंच नाहीत, नुसत्या खुणा:
‘लाकडी पुलापलीकडे, निळं पत्र्याचं छप्पर,
म्हातारी तिखट बोलते.’

आता नाक गेलंय त्याचं. दीड वर्ष झालं.
दुकान भाच्याला दिलं,
रस्सा चाखायचा डाव तेवढा घरी आणला
आणि खिळ्याला टांगला.

तरी चला म्हणाला.
आपल्याकडे थंडी म्हणजे तीन दिवस,
तेही काय नाखोन सावानला पंख्याखाली काढायचे?
म्हणून आम्ही चौघं, भाड्याची व्हॅन,
अनोंगच्या सुनेने विणलेल्या चार कानटोप्या.
एकीला कान एकच. लोकर संपली म्हणे.

पहाटे अकरा अंश.
धुकं भाताच्या खुंटांवर बसलेलं,
सासरी आलेल्या जावयासारखं, उठायचं नाव नाही.
रस्त्याकडेला बांबूच्या नळ्यांत भात भाजत होता.
चालेर्मने नळी सोलली, फुंकर घातली,
प्रचुआबच्या हातात दिली.
‘सांगा,’ तो म्हणाला.

आणि आमची पंचाईत झाली.
साठीला आलो, तिन्ही त्रिकाळ जेवलो,
आणि गाठीला शब्द काय, तर ‘छान’.
‘छान काय छान? छान तर हवाही आहे.’
अनोंगने डोळे मिटले.
आधी नारळाचा गोडवा. मग मीठ. मग जरासं करपट,
शाळेमागे पाचोळा जाळायचे ना, तसं.
तो चावत राहिला, मान हलवली,
गल्ला मोजून झाल्यावर हलवायचा तशी.

पुढे आम्ही सरावलो.
सावरीच्या वाळल्या फुलांचा रस्सा: आंबूस,
तळाशी लोखंड, नाणं तोंडात धरल्यासारखं.
नदीचं शेवाळ, तीळ घालून भाजलेलं: कुरकुरीत,
आणि मग एकदम ओलं,
जणू त्याला आत्ता आठवलं आपण कुठले ते.
एका ठिकाणी भली मोठी पाटी, खुर्च्यांना फिती,
फोटो काढायला झोपाळा.
चालेर्म म्हणाला, ‘सपक. अळणी. मचूळ.
इथे तुझं काहीच बुडत नाहीये.’
प्रचुआब हसला तो तिथे, पहिल्यांदा.
तिखट होतं ते फक्त बिल.

निळं छप्पर तिसऱ्या दिवशी सापडलं,
दोनदा पूल चुकून.
म्हातारी नव्हती. मुलगी होती, आईवर गेलेली:
‘बसायचं तर बसा. घाई असेल तर बसस्टँड तिकडे.’
तळलेली कोंबडी आली, वर काळपट दाणे.
मखवेन. तिरफळाच्या कुळातलं, डोंगरातलं,
याच दिवसांत उतरवतात.

आम्ही वर्णनाला तोंड उघडलं
तर त्याने हात वर केला.
थांबा.

कोंबडा आरवला, बिनवेळचा.
‘मुंग्या,’ तो म्हणाला. ‘जिभेवर. चालतायत.’
चव नव्हे ती, वासही नव्हे, त्यालाही कळत होतं.
‘पायाला येतात ना, तशा.’
‘पाय झोपताना की जागा होताना?’ अनोंगने विचारलं.
त्याने दुसरा तुकडा उचलला.

‘लाम का?’ मुलगी म्हणाली, तिकडच्या बोलीत,
म्हणजे चवदार आहे का.
‘यांना विचारा,’ प्रचुआब म्हणाला,
‘मी फक्त मुंग्या मोजतोय.’
पण बशीतला शेवटचा दाणा त्यानेच बोटाने टिपला.

परतताना अर्धा किलो मखवेन, त्याच्या मांडीवर.
व्हॅनभर वास. ड्रायव्हर दोनदा शिंकला.
‘कसा आहे?’
संत्र्याची साल, अनोंग म्हणाली,
चिरलेलं लाकूड, म्हणाला चालेर्म,
आणि आणखी काहीतरी, ज्याला शब्द मिळेना.
तिघांनी शोधला फ्रे येईपर्यंत. नाही सापडला.

तो वहीत लिहीत होता, सातव्या खुणेपुढे, खूप वेळ.
काय, ते आम्ही विचारलं नाही.
एका कानाची टोपी त्याच्याच वाट्याला आलेली,
उघडा कान थंडीने लाल.