पालथी बशी

माणसाचं कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात,
बशीचं पाठीवर.
आमच्या लाँगटनमध्ये पाहुणासुद्धा
वाढण्याआधी ताट पालथं करून बघतो,
कुणाला राग येत नाही.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये माझं टेबल असतं.
एक दिवा, एक भिंग, ओलं फडकं.
बेरिल मॉल्किन खोकं घेऊन आली,
मागे भाऊ क्लाइव्ह, किल्ल्या बोटाभोवती फिरवत.
बारा कप, अकरा बशा.
"एनिड आजीच्या. दोनशे वर्षांच्या तरी असतील.
कुणा लॉर्डच्या घरून आल्या म्हणायची."
क्लाइव्ह म्हणाला, "किंमत सांगा."

आधी नखानं टिचकी मारली.
नाद लांब गेला, हॉलच्या दारापर्यंत.
तडा असता तर बद्द वाजली असती.
मग दिव्यापुढे धरली:
पलीकडे माझी चार बोटं, सांध्यांतल्या गाठींसकट.
यात बैलांच्या हाडांची राख असते,
नुसत्या मातीनं एवढा उजेड आत घेतला नसता.
कपाच्या कानामागे वेलीची दोन टोकं
एकमेकांना चुकली आहेत.
म्हणजे रेषा कागदी ठशाच्या, रंग हाताचे.

मग पालथी केली.
मुकुट, आणि खाली 'मेड इन इंग्लंड'.
हे तीन शब्द दिसले की दोनशे वर्षं संपतात.
"शंभरही भरत नाहीत," मी म्हटलं.
शिक्क्यावरून एक आडवी रेघ गेली होती,
चाकावर ओढलेली: दुय्यम माल,
कामगारांना आठवड्याच्या पगारातून कापून मिळायचा तो.
"चाळीस पाउंड. गिऱ्हाईक भेटलं तर."
क्लाइव्ह गाडी बघायला बाहेर गेला.

रेघेखाली हिरवा स्वल्पविराम होता,
आणि त्याच्या पोटात टिंब.
डझनाचे पैसे मोजताना
कुठला हात कुणाचा ते कळावं म्हणून.
पंधराव्या वर्षी मी कामाला लागले
तेव्हा खिडकीजवळच्या बाकावर
हा स्वल्पविराम माझ्या शेजारी बसायचा.
कुंचला ओठांत धरू नकोस, म्हणायची, शिसं असतं.
स्वतः धरायची.
तिचं बोट कधी रेषेबाहेर गेलेलं
मी बघितलं नाही.

मग हा दुय्यम माल कसा?

भिंग लावलं. रानगुलाब.
रानगुलाबाला पाकळ्या पाच. ठशातही पाच.
सहावी ठशाच्या बाहेर,
नुसत्या कुंचल्यानं, पानाआड, फिकट.
दुसरा कप घेतला. सहा.
तिसरा.
एका कपावर असती तर चूक म्हटलं असतं.

बेरिलच्या हातात भिंग दिलं. मोज, म्हटलं.
ती ओठ हलवत मोजत राहिली,
लहान मुलं मोजतात तशी,
आणि नवव्या बशीला थांबली.
बराच वेळ वर बघितलं नाही.

"मग लॉर्ड?"
"ऑर्डर त्याचीच असेल. तेवढं खरं धर."

वर्तमानपत्रात एकेक गुंडाळताना
ती म्हणाली, "बारावी बशी मात्र फुटली असणार."

नाही गं. एनिडच्या हातून काही फुटत नसे.
ती एक चुकून बरोबर रंगवली गेली असेल.
ती लॉर्डकडे गेली.