पिंगळा

शिशाचा ॲप्रन चढवला की
आधी माझीच पाठ कुरकुरते.
सात किलो. अकरा वर्षं.
परळच्या या तिसऱ्या मजल्यावर.

टेबलावर पालथे जनार्दन घाडी.
घोडपदेवला गॅसच्या टाक्या पोचवतात,
लिफ्ट नसलेल्या इमारतींचे सगळे जिने
त्यांच्या कमरेत उतरलेत.
हिरव्या कापडातून दिसते ती
आयोडीनने माखलेली वीतभर पाठ,
बाकीचा माणूस माझ्या पडद्यावर.

"मोरजकर, शॉट."
सगळे एक पाऊल मागे. मी बटण दाबते.
सी-आर्मची कमान बीप करते
आणि राखाडी धुक्यातून पिंगळा बघतो:
मणक्याचे दोन वाटोळे डोळे, मधोमध चोच.
एकाच्या डोक्यावर दुसरा, त्यावर तिसरा,
पापणी कुणीच लववत नाही.

सुई जायची ती या डोळ्यातूनच.
बाहेरच्या कडेला टेकवायची, हलका ठोका,
शॉट. ठोका. शॉट.
आतली कड इतक्यात शिवायची नाही,
तिच्या पलीकडे नसा,
नसांच्या टोकाला घाडींचे पाय,
पायांच्या टोकाला पाच माणसं.

पण त्याआधी मोजणी.
खालून वर: पाचवा, चौथा.
केळुसकर मॅडमनी हातोडी उचलली
आणि मी म्हटलं, थांबा.
माझं तोंड मास्कच्या आत कोरडं.
बरगडीपासून खाली मोजूया ना एकदा.

एक, दोन, तीन, चार, पाच.
सहा.

एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.
भिंतीवरच्या एमआरआयमधला चौथा
आणि माझ्या पडद्यावरचा चौथा
शेजारी होते फक्त.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
सुई एक घर सरकवली.
"शॉट."

महिनाअखेरीस माझा बिल्ला तपासणीला जातो,
किती उजेड मुरलाय माझ्यात ते सांगायला.
आजचा त्यात थोडा जास्त असेल.

संध्याकाळी वॉर्डात घाडी हात मागे नेऊन
पट्ट्या चाचपतात. दोन इकडे, दोन तिकडे.
"एवढंच? चाळीत दाखवायला काहीच नाय!"
मग हळूच, "बाई, आत काय दिसलं?"

पिंगळा म्हणावं तर कोकणातला माणूस,
रात्रभर डोळ्याला डोळा लावायचा नाही.
म्हटलं, मणका दिसला.
एक जास्तीचाच आहे तुम्हाला, जन्मापासून.

घाडी उशीत तोंड खुपसून हसले, टाके सांभाळत.
"तरीच शेठ म्हणायचा,
घाडी, आणखी एक टाकी ने."