श्वास कुणी कधी घ्यायचा

पाठ सातवा. चार गुणांचा.
अहिंसक प्रतिकाराची साधने :
मोर्चा, उपोषण, बहिष्कार,
आणि शेवटी एकच शब्द, समूहगान.
पुस्तक तिथून सरळ स्वाध्यायावर जातं.

मी पुस्तक पालथं ठेवलं.
नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत होती,
खिडक्या बंद, तरी निम्मा वर्ग खोकत होता.
म्हटलं, खोकणाऱ्यांनीच हे आधी शिकावं.

एकानं गायलं तर त्याचा गळा धरता येतो.
चाळीस जणांनी गायलं तर
कोणता धरायचा हे ठरेपर्यंत
एक कडवं होऊन जातं.
सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही.
शेजारचा थांबला की तुम्ही चालू,
तुम्ही थांबलात की तो.
मधे भोक पडू द्यायचं नाही.
भोकातूनच आत येतात ते.

"ते म्हणजे कोण?" ठुमलीनं विचारलं.
ते सांगायला तास पुरला नसता.
मागच्या बाकावरून हिरामण म्हणाला,
"बाई, गाना म्हनीसन लाठी थांबस का?"
मी फळा पुसत म्हटलं, नेहमी नाही.
फळ्यावर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गुरुवारी जात्र्या उशिरा आला. चौथ्यांदा.
पहाटे आईबरोबर मिरच्या उलथून येतो,
बोटं लाल, डोळे त्याहून लाल.
मला माहीत होतं.
तरी म्हणाले, बाहेर उभा राहा.

वळून तारीख लिहायला घेतली
तेवढ्यात गुणगुण.
तोंडं मिटलेली, सगळ्यांची.
पहिल्या रांगेत गेले, तिथं शांत,
गुणगुण तिसरीत.
तिसरीत गेले, तर ठुमली छताकडे बघतेय
आणि आवाज खिडकीपाशी.
कुणी खोकलं की शेजारचा
त्याच्या वाटचाही सूर उचलत होता.
कुठेच भोक नव्हतं.

माझ्या हातात पट्टी होती.
इतकी बावळट ती कधी दिसली नव्हती.

रागावले. खोटं कशाला सांगू?
पण कानाला दुसरंच काही टोचत होतं :
कुणीतरी पट्टी सोडून गात होतं, अर्धा सूर खाली,
आणि ते दाराबाहेरून येत होतं.
जात्र्या.
परिपाठाला ज्याला दोन वर्षं
"तू नुसते ओठ हलव" म्हणत आले.

दार उघडलं. तो घाबरून थांबला.
आतले थांबले नाहीत.

ये, म्हणाले.
त्याच्याआधी मिरचीचा वास आत आला.
मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी,
खडू हातातून सुटला.
वर्ग चालूच होता.