सुकती कितीपर्यंत

धाकू कोयंडे, तांडेल, वय एकसष्ट.
विंचवरून सुटलेला दोर छातीत बसून
डावीकडच्या चार बरगड्या, पाचवी ते आठवी.
देवगडच्या केसपेपरवर एवढंच मावतं.

तो श्वास घेत नाही, चोरतो.
घशाशी आलेला खोकला
दोन्ही हातांनी कुशीत दाबून धरतो.
श्वास ओढायच्या डबीत तीन चेंडू,
त्यातला एकच उठतो, तोही अर्ध्यावर पडतो.
बायको म्हणते, रात्रभर बसून होता,
भिंतीला पाठ न लावता.

मॉर्फिन आहे कपाटात. दुखणं झोपेल त्याने,
पण श्वासही पेंगेल सोबत,
आणि विडीने धुरकटलेल्या त्या छातीला
पेंगणं परवडायचं नाही.

म्हणून खाटेच्या कडेला बसवते,
उशी कवटाळायला देते.
परुळेकर सिस्टर समोरून खांदे धरतात.
पाठीवर गार जेली, जेलीवर प्रोब.
पडदा करडा होतो.
तो मान वळवून बघतोच.
‘ह्या यंत्र आमच्या होडयेर आसा.
ह्यो तळ. मासो खय?’

मासा नाही, तांडेल. ही हाडाची टोकं,
त्यांच्यामागे काळोख,
आणि खाली श्वासागणिक सरकणारी चकचकीत रेघ,
तिथवर सुई जाऊ द्यायची नाही.
सुई तिरकी उतरते, हाडाला टेकते.
टक्. हे फक्त बोटांना ऐकू येतं.
मग औषध, वीस मिली, घाई न करता.
स्नायू हाडावरून अलगद उचलला जातो
आणि मधे एक काळी फट भरत जाते.
तिथेच बारीक नळी ठेवते. चिकटपट्टी.

वीस मिनिटं थांबायचं.
जेटीवर लिलाव चाललाय,
सुरमईचा भाव खिडकीतून आत येतो.
‘फसवतत,’ तो पुटपुटतो.

बर्फ लावते. उजवीकडे दचकतो.
डावीकडे : ‘ह्यो बर्फ न्हय.
माका बर्फ शिकवतंस?
चाळीस वर्सां हात घालतंय बर्फात.’

आता खोका.
तो बायकोकडे बघतो, तिची परवानगी लागते जशी,
आणि खोकतो. खरवडून, घाणेरडं, पोटापासून.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसतो.
दोन चेंडू. मग तिसरा, जेमतेम.

हाडं मोडलेलीच आहेत अजून, मी बजावते.
सहा आठवडे दोराला हात नाही.
तो ऐकत नाही. त्याचा प्रश्न वेगळाच :
‘सुकती कितीपर्यंत?’
पहाटे चारपर्यंत, मी म्हणते.

तीन चाळीसला फोन वाजतो.
परुळेकर सिस्टर हसू दाबत सांगतात,
कोयंडे म्हणतायत, भरती लागली,
बाईंचं पंचांग वीस मिनिटं चुकलंय.