हा तो नव्हे

उलानबातरच्या उत्तर उतारावर उणे एकतीस.
कोळशाच्या विटांचा धूर इतका जड
की धुराड्यातून निघून वर जातच नाही,
दारात बसून राहतो
उधारी मागायला आल्यासारखा.

त्या धुरात ओत्गोनचिमेगला मूल झालं,
आधीची दोन गेल्यावर.
म्हणून याचं नाव ठेवलं एनेबिश.
एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’.
दाराशी जे काही येईल त्यानं नाव विचारावं,
ऐकावं,
आणि घर चुकलं वाटतं, म्हणून मागे फिरावं.

मला हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही.
आमच्या वर्गात दोन दगडू होते, एक धोंडू,
आणि एक केरबा, ज्याला जन्मल्या दिवशी
उकिरड्यावर ठेवून सुपातून परत आणला होता.
मरणाला माणसं सगळीकडेच
थोडं वेंधळं समजतात.

दवासुरेन सकाळी सातला प्रयोगशाळा उघडते.
तिच्या भाषेत दवा म्हणजे सोमवार.
माझ्या भाषेतला अर्थ सांगितला
तर ती हसली नाही.
म्हणाली, कुठली? शिल्लक आहे?

एनेबिशच्या रक्तातून वाढवलेली थाळी
ती खिडकीशी धरते.
खाली मेंढीचं रक्त, वर जंतूंचं हिरवट मळभ,
आणि त्यात कागदाच्या चकत्या, टिकलीएवढ्या,
एकेकीत एकेक औषध.
औषध चाललं की चकतीभोवती रिकामं रिंगण पडतं.
या पहिलीभोवती वीस मिलिमीटर हवं.
ती पट्टी लावते.
सहा.
सहा ही चकतीची स्वतःचीच रुंदी.
म्हणजे रिंगण नाहीच.
जंतू कागदाला खेटून बसलेत
शेकोटीभोवती बसावं तसे, निवांत.

त्यांना हे कसं जमलं, ते ती बाजूच्या खोलीत
चहात मीठ घालता घालता सांगते.
घशात आधीपासून राहणारी त्यांची गरीब चुलतभावंडं,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्यांच्याकडून तुकडे उचलले,
एक इकडचा, एक तिकडचा, गोधडीला ठिगळं लावावीत तसे,
आणि औषध ज्या कडीला हात घालायचं
ती कडीच बदलून टाकली.
पेनिसिलीन येतं, दार चाचपतं,
हाताला ओळखीचं काही लागत नाही.
हा तो नव्हे, म्हणतं,
आणि मागे फिरतं.

मी कप खाली ठेवला.

दोष देणं सोपं आहे.
कोपऱ्यावरच्या दुकानातून सुट्या कॅप्सूल,
तिसऱ्या दिवशी ताप उतरला, खोकला ढिला झाला,
उरलेल्या चार तिनं काडेपेटीत घालून
नमद्याच्या भिंतीत खोचून ठेवल्या,
पुढच्या आजारासाठी.
त्यातल्या दोन मागच्या थंडीत
शेजारच्या मुलीला दिल्या, पैसे न घेता.
यालाच तर आपण
संसार नेटका करणं म्हणत आलो.
आणि दुकानदार? डॉक्टर? आणि हा धूर?
दवासुरेनच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.
तिथे फक्त नाव, तारीख, मिलिमीटर.

थाळीच्या कडेला एक चकती मात्र
अजून चोवीस मोकळे राखून आहे.
ते औषध कुलपात असतं.
ती फोन करते, नाव सांगते, पुन्हा सांगते,
पलीकडून कुणी तरी विचारतं, हा नव्हे तर मग कोणता?
रोजचाच विनोद. आज कुणी पुढे नेत नाही.

वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं,
दोघांच्याही बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणाऱ्या.
नर्स बाटली घेऊन उभी,
पत्ता शोधणाऱ्या पोस्टमनसारखी.
‘एनेबिश कोण?’

ओत्गोनचिमेगनं आधी दाराकडे पाहिलं,
मग खिडकीकडे.
मग मुलाच्या छातीवर हात ठेवून
अगदी हळू,
ऐकू नये त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू
म्हणाली :
हा.